घरी येणारा डॉक्टर

(पक्षसदस्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)

डॉक्टरला घरी बोलावणे म्हणजे ‘व्हिजिट’ आणि व्हिजिट म्हणजे जादा फी, हे समीकरण शहरी मध्यमवर्गाच्या अंगवळणी पडलेले आहे. ज्या खोलीत ही फी देण्याची ऐपत नाही, तेथे डॉक्टर पुष्कळदा मृत्यूचा दाखला लिहिण्यापुरताच येतो.

क्यूबाने हा प्रश्न निराळ्या पद्धतीने सोडविण्यास घेतला. १९८४ साली हवानाच्या लॉटन वस्तीत कुटुंब-डॉक्टर व परिचारिका योजनेचा प्रारंभ झाला. सुमारे १२० कुटुंबांमागे एक डॉक्टर व एक परिचारिका. डॉक्टरचे बिऱ्हाड त्याच वस्तीत, बहुधा दवाखान्याच्याच इमारतीत. सकाळी दवाखाना, दुपारी घरभेटी. वेतन सरकारी, भेटीगणिक पैसा नाही. म्हणूनच न बोलावताही रुग्णाघरी जाणे शक्य झाले, आणि सारे मर्म येथेच आहे.

वस्तीतील प्रत्येकाची नोंद चार गटांत होते: निरोगी, जोखीम असलेले, आजारी आणि व्यंग राहिलेले. निरोगी माणसाचीही वर्षातून एकदा तरी विचारपूस व्हावी, अशी अपेक्षा असते. रक्तदाब दवाखान्यातही मोजता येतो. परंतु साठवणीच्या पाण्यात डासांच्या अळ्या आहेत काय, जिन्याला कठडा आहे काय, म्हातारीने गोळी घेतली की उशीखाली ठेवली, हे उंबरठा ओलांडल्यावाचून कळत नाही. काही रुग्णांना तर इस्पितळाऐवजी घरीच ‘दाखल’ केले जाते आणि डॉक्टर तेथेच येऊन त्यांना तपासत राहतो.

मात्र या व्यवस्थेचे गुणगान डोळे मिटून करणे योग्य नव्हे. १९९१ साली सोव्हिएत संघाचे विसर्जन झाले. अमेरिकेची नाकेबंदी तर होतीच. औषधांचा तुटवडा पडला, तो आजही सरलेला नाही. २००३ पासून हजारो डॉक्टर व्हेनेझुएलात सेवेसाठी गेले. मागे राहिलेल्यांवरील कुटुंबांचा भार वाढला, आणि तक्रारीही वाढल्या. अलीकडे देश सोडून जाणाऱ्या डॉक्टरांची संख्याही लहान नाही.

तरीही मार्च २०२० मध्ये कोविडची साथ येताच वैद्यकाचे हजारो विद्यार्थी दारोदार फिरून ताप-खोकल्याची चौकशी करू लागले. त्यांना वस्तीची माहिती नव्याने गोळा करावी लागली नाही. कोणत्या घरी एकटे वृद्ध राहतात, कोणाला दमा आहे, याची नोंद कुटुंब-डॉक्टरच्या दप्तरी आधीपासूनच होती.