तुळस वाळली, म्हणून घाबरू नका

बोला पुंडलिक वरदे हारि विठ्ठल! श्री ज्ञानदेव तुकाराम! पंढरीनाथ महाराज की जय!

मायबाप सज्जनहो, आषाढीच्या वाटेवर आपण दरवर्षी पाहतो. पताका चालली आहे, टाळ-मृदंगाचा गजर चालला आहे, आणि त्या दिंडीत डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेली माउली चालली आहे. ऊन लागो, पाऊस लागो, मानेला कळ लागो. वृंदावन काही ती खाली पडू देत नाही. धन्य तिची! पण आता एक विचारतो, रागावू नका. तुमच्या घरची तुळस कशी आहे? वाटेवरची हिरवीगार आणि दारातली वाळून कोळ, असं तर नाही ना?

एकदा कीर्तन आटोपलं आणि एक ताई पाया पडायला आल्या. डोळ्यांत पाणी. म्हणाल्या, "महाराज, वर्षात ही तिसरी तुळस वाळली. घरातले म्हणतात, काहीतरी संकट येणार. माझ्याच हाताला दोष आहे का हो?"

म्हटलं, "ताई, तुळस ठेवली कुठं?" म्हणाल्या, "गॅलरीत, आतल्या कोपऱ्यात." ऊन? "सकाळी अर्धा तास येतं." पाणी? "आंघोळ झाली की मी एक तांब्या घालते, सासूबाई एक घालतात, हे एक घालतात." आणि कुंडीला खाली भोक? "होतं, पण लादीवर चिखल व्हायचा, म्हणून बुजवून टाकलं."

आता सांगा बरं! कुंडी एवढीशी आणि भाविक तीन! म्हटलं, "ताई, तुमची तुळस वाळली नाही, ती बुडाली. संकट तिच्या मुळाशी होतं, तुमच्या घरावर नव्हतं. हात तुमचा चांगला आहे, भोक तेवढं मोकळं करा."

सज्जनहो, हे नीट ध्यानात घ्या. मुळांनाही श्वास लागतो. मातीच्या कणांमध्ये हवा असते, ती मुळांना मिळते. पाणी साचलं की हवा गेली, मूळ कुजलं. कुजलेलं मूळ पाणी वर चढवू शकत नाही, म्हणून पानं मान टाकतात. आणि आपण काय करतो? पानं सुकली म्हणून आणखी एक तांब्या! भाव खरा असतो हो, पण ज्याची सेवा करायची त्याला काय हवं आहे, हे पाहायचं राहून जातं.

कार्तिक शुद्ध द्वादशीपासून पौर्णिमेपर्यंत आपण तुळशीचं लग्न लावतो. ऊस, चिंच, आवळे आणतो, अंतरपाट धरतो, मंगलाष्टका म्हणतो. म्हणजे ती कोण झाली? लेक झाली. मग लेकीला भूक कधी लागते, तहान कधी लागते, हे आईला कळायला नको? लेक आजारी पडली तर आई अपशकुन झाला म्हणत बसते का? आधी अंगाला हात लावून पाहते. तसा तुळशीच्या मातीला हात लावा. बोटाचं एक पेर मातीत घाला. ओली लागली तर आज नुसता नमस्कार पुरे. कोरडी लागली तर पाणी घाला, खालच्या भोकातून थेंब येईपर्यंत घाला. वैशाखात कदाचित दोन वेळा लागेल, पावसात मुळीच लागणार नाही. घरात तिघांनाही अर्घ्य द्यायचं आहे ना? पळीभर पाणी द्या. देव तांब्या मोजत नाही.

तुळस ही आपल्याच उष्ण मुलखातली. तिला ऊन हवं, रोजचं पाच-सहा तासांचं. घरात जिथं ऊन येतं तिथं तिला न्या. मग ती जागा दारासमोर असो की खिडकीत असो. माती भुसभुशीत हवी: बागेतली माती, चांगलं कुजलेलं शेणखत आणि थोडी वाळू. हळद-कुंकू, तेल, दूध, उदबत्तीची राख, हे सगळं बुंध्याशी ओतू नका. दिवा लावा, जरूर लावा, पण हातभर लांब. तुळशीपुढं दिवा लावायचा की तुळशीला चटका द्यायचा?

आता मंजिरीची गंमत ऐका. तुळशीला मंजिऱ्या आल्या आणि तशाच पिकू दिल्या, की झाड आपली सगळी ताकद बियांना देतं. पानं बारीक होतात, फांद्या काटकुळ्या होतात. आणि कोवळी मंजिरी शेंड्यासकट खुडली, तर त्या खालून दोन नवे फुटवे येतात. झाड दाट होतं. खुडलेली मंजिरी कुठं जाते? विठ्ठलाच्या चरणी जाते. पाहा कशी योजना आहे! देवाला दिलं आणि झाड ओसाड झालं, असं नाही. दिलं म्हणूनच ते भरलं. धरून ठेवलं असतं तर सुकलं असतं. प्रपंचातही हाच हिशेब आहे, पण तो आपल्याला पटायला जन्म जातो.

एक-दोन मंजिऱ्या मात्र झाडावरच तपकिरी होऊ द्या. त्या तळहातावर चोळा, बारीक बी निघेल. ओल्या मातीवर भुरभुरा, वरून चिमूटभर माती पुरे. आठ-पंधरा दिवसांत कोंब दिसतील. कारण कुंडीतली तुळस दोन-तीन वर्षांत जून होते, तिचं लाकूड होतं आणि ती जाते. तो कोप नव्हे, तिचं आयुष्य पुरं झालं. तिच्या लाकडाचे मणी होतात आणि तीच माळ वारकऱ्याच्या गळ्यात येते. मरणानंतरही जी आपल्या गळ्याशी राहते, तिच्या जाण्याला अपशकुन म्हणू नये.

अरणचे सावता महाराज आठवा. इ.स. १२९५ मध्ये त्यांनी समाधी घेतली. त्यांनी मळाच पंढरी मानला, कांदा-मुळा-भाजीत विठ्ठल पाहिला. नुसता हात जोडून नाही हो, खुरपं हातात धरून पाहिला! वाफ्याला पाणी देणं ही त्यांची पूजा होती. आपल्याला मळा नसेल, एक कुंडी तर आहे.

म्हणून माउली, वारीला निघण्याआधी एवढं करा. तुळस उघड्यावर ठेवा, कुंडीखालची ताटली काढून घ्या म्हणजे पावसाचं पाणी साचणार नाही. पाऊस नसेल तर शेजारणीला सांगून ठेवा, "माती कोरडी झाली तरच पाणी घाल गं." आणि आज कुणाच्या घरी तुळस वाळलेली असेल, तर मनातली भीती काढा, कुंडी रिकामी करा, भोक पाहा, माती बदला, नवं रोप लावा. देव भ्यालेल्या हाताची नाही, मातीत भरलेल्या हाताची तुळस आनंदानं घेतो.

रामकृष्ण हरी! बोला पंढरीनाथ महाराज की जय!