करार कागदावरचा आणि करार सीमेवरचा



आजचा विषय आफ्रिका खंडाचा आहे आणि वरवर पाहता तो रुक्ष आहे. पण २०१७ साली मुंबईची जकात बंद होईपर्यंत मुलुंडच्या नाक्यावर लागणाऱ्या मालमोटारींच्या रांगा ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना त्यातील मर्म समजण्यास वेळ लागू नये.

२१ मार्च २०१८ रोजी रवांडाची राजधानी किगाली येथे ४४ राष्ट्रांनी खंडव्यापी मुक्त व्यापाराच्या करारावर सह्या केल्या. पुढे एरिट्रियाखेरीज आफ्रिकी संघाच्या सर्वच, म्हणजे ५४ राष्ट्रांच्या सह्या झाल्या. १ जानेवारी २०२१ रोजी या कराराखालील व्यापारास प्रारंभ झाला. मालाच्या नव्वद टक्के प्रकारांवरील आयात-जकात क्रमाक्रमाने उठवावयाची, हा त्याचा गाभा.

मग अडते कोठे? परकीय सत्तांनी तेथे आगगाड्या टाकल्या त्या मुख्यतः अंतर्भागातील माल बंदरावर नेण्यासाठी. शेजाऱ्याला शेजाऱ्याशी जोडण्यासाठी नव्हेत. शिवाय सोळा राष्ट्रांना समुद्रकिनाराच नाही. युगांडाच्या कारखानदाराला घानास माल धाडावयाचा, तर तो बहुधा आधी केनिया ओलांडून मोंबासा बंदरात न्यावा लागतो. घानाने जकात माफ केली, पण केनियाच्या सीमेवर गाडी खोळंबली, तर त्या माफीचे चीज काय? म्हणून आम्ही म्हणतो, करार खंडाचा असला तरी तो पाळावयाचा शेजाऱ्यांनी.

याचे चांगले उदाहरण झांबेझी नदीवरील चिरुंडूचे आहे. तेथे झांबिया व झिंबाब्वे यांच्या सीमेवर प्रत्येक मालमोटारीची तपासणी दोनदा होई आणि गाड्या दिवसचे दिवस तिष्ठत. २००९ साली दोन्ही देशांचे अधिकारी एका छपराखाली बसू लागले. गाडी एकदाच थांबू लागली. त्यासाठी परक्या भूमीवर आपल्या अधिकाऱ्यास अधिकार चालविता यावा, असे कायदे करावे लागले. सार्वभौमत्वाची थोडी मुरड घालूनच ही सोय झाली, हे आपण ध्यानात घ्यावे.

पूर्व आफ्रिकी समुदायाची कथाही बोधप्रद आहे. १९६७ साली स्थापन झालेला हा समुदाय १९७७ साली मोडला. १९९९ च्या तहाने तो पुन्हा उभा राहिला व २००५ साली त्याने जकातसंघ स्थापिला. दोन हजार डॉलरपर्यंतचा स्थानिक माल नेणाऱ्यास तेथे साधे प्रमाणपत्र पुरते. डोक्यावर टोपली घेऊन सीमा ओलांडणाऱ्या बाईला ही सवलत ठाऊक नसेल, तर मात्र ती आडवाटेने जाते आणि लाच देते. अशा बाईला खंडव्यापी कराराचे कौतुक कशाने वाटावे?

प्रादेशिक संघ असला म्हणजे सारे साधते, असेही नाही. नायजेरिया व बेनिन १९७५ पासून पश्चिम आफ्रिकी संघाचे सभासद. दोघांनी जुलै २०१९ मध्ये या करारावर सही केली. आणि ऑगस्टात नायजेरियाने तांदळाच्या चोरट्या आयातीचे कारण सांगून मालासाठी आपल्या सीमा बंद केल्या. त्या उघडू लागल्या डिसेंबर २०२० मध्ये. तक्रार खोटी नव्हती. पण शेजाऱ्याशी बसून ती मिटविण्याऐवजी दार लावले गेले आणि त्याचा भार सचोटीने व्यापार करणाऱ्यांवरही पडला.

सारांश, जकात उठविणे हे एका सहीचे काम आहे. विश्वास जोडणे हे रोजचे काम आहे. आफ्रिकेतील या प्रयोगाचे यशापयश परिषदांच्या ठरावांवरून मोजू नये. सीमेवर गाडी किती वेळ थांबते आणि टोपलीवाली बाई राजरस्त्याने जाते की आडवाटेने, एवढेच पाहावे.