वेशीवरचा पहारा



जयपूरच्या जुन्या शहरात चांदपोल दरवाजाने शिरावे आणि सरळ पूर्वेला चालत राहावे; बाजारामागून बाजार ओलांडीत माणूस सूरजपोलशी येऊन पोहोचतो. सवाई जयसिंहाने १७२७ साली विद्याधराच्या साहाय्याने हे नगर वसविले, तेव्हा त्याचे नऊ भाग पाडले. दोन राजवाड्यासाठी, सात प्रजेसाठी. भोवती तट, तटाला दरवाजे. हे शहर पाहताना मला एका अगदी आधुनिक वस्तूची आठवण होते, ती म्हणजे संगणकाची स्मृती. तेथेही चौक आहेत, भिंती आहेत, आणि तेथेही प्रश्न हाच, की वेशीवर पहारा कोणाचा?

संगणकाच्या कारभाराचा जो गाभा, त्याला कर्नल म्हणतात. हा लष्करातला कर्नल नव्हे. पण शिस्तीत त्याच्याहून कमीही नव्हे. प्रत्येक प्रोग्रॅमला तो स्मृतीचा ठरावीक वाटा देतो आणि दुसऱ्याच्या वाट्यात पाऊल टाकू देत नाही. परंतु नेटवर्क कार्डाची गोष्ट निराळी. तारेवरून येणारी माहिती इतक्या वेगाने येते की ती एकेक करून प्रोसेसरच्या हातून आत घेणे परवडत नाही. म्हणून कर्नल रिकाम्या जागांचे पत्ते कार्डाला आधीच देऊन ठेवतो. कार्ड त्या जागी स्वतः माहिती लिहिते आणि मग वर्दी देते. सोय उत्तम, पण दिलेल्या पत्त्याऐवजी कार्डाने भलत्याच जागी लिहिले, तर त्याला अडवणार कोण?

ही भीती काल्पनिक नाही. २०१७ साली गूगलच्या संशोधकांनी दाखवून दिले की फोनमधली वाय-फायची चिप केवळ हवेतून आलेल्या संदेशांनी ताब्यात घेता येते. आणि जेथे तिच्याभोवती कुंपण नसेल, तेथे तिच्यामार्फत थेट कर्नलच्या स्मृतीपर्यंत हात पोहोचतो.

यावर उपाय म्हणून कार्ड आणि स्मृती यांच्यामध्ये एक द्वारपाल बसविण्यात आला. त्याला आयओएमएमयू असे लांबलचक नाव आहे. प्रत्येक उपकरणासाठी त्याच्यापाशी एक वही असते. वहीत नोंद असेल तेवढ्याच जागेत प्रवेश, एरवी मनाई. येथवर सारे सरळ वाटते. खरी अडचण पुढेच आहे.

पहिली अडचण मापाची. द्वारपाल सामान्यतः चार किलोबाइटांच्या पानापेक्षा लहान तुकडा मोजीत नाही. संदेश लहान असला, तर त्याच पानावर शेजाऱ्याची माहितीही उघडी पडते. दुसरी वेळेची. काम संपताच वहीतली नोंद खोडावी, तर दर वेळी थांबावे लागते. म्हणून पुष्कळदा नोंदी साठवून मग एकदम खोडतात. मधल्या काही मिलिसेकंदांत दरवाजा उघडाच राहतो. केंब्रिजच्या व अन्य संशोधकांनी २०१९ साली खोटे नेटवर्क कार्ड बनवून अशा फटी जगापुढे मांडल्या. त्याच वर्षी लिनक्सच्या कर्नलमध्ये बाहेरून जोडलेल्या, अविश्वासू उपकरणांसाठी निराळी सोय आली: अर्धवट भरलेल्या पानाऐवजी वेगळी जागा द्यायची आणि हवी तेवढीच माहिती तेथे उतरवून घ्यायची.

तिसरी अडचण शेजाराची. दोन हवेल्यांच्या सामाईक भिंतीत आतून दार असेल, तर रस्त्यावरच्या पहारेकऱ्याला त्या दोन्ही एकच समजाव्या लागतात. एकाच पुलामागे बसलेली काही उपकरणे द्वारपालाला न विचारता आपसांत बोलू शकतात. म्हणून कर्नल त्यांचा एक गट करतो. २०१२ साली लिनक्समध्ये आलेली व्हीएफआयओ नावाची व्यवस्था हा नियम पाळते. एखाद्या आभासी संगणकाला कार्ड द्यायचे, तर त्या गटातले दुसरे उपकरण यजमानाने स्वतः वापरीत राहायचे नाही. कित्येकांना हा जाच वाटतो. परंतु भिंतीतले दार दिसत नाही म्हणून ते नाही, असे म्हणता येत नाही.

आज एकाच यंत्रावर अनेक संस्थांचे आभासी संगणक शेजारी शेजारी नांदतात. एकाच्या वाट्याच्या कार्डाला कुंपण नसेल, तर दुसऱ्याचे दप्तर उघडे पडते, आणि त्या दप्तरात कोणाची ठेव असेल, कोणाच्या आजाराची नोंद असेल. कुंपणाची किंमत वेगात मोजावी लागते. ती किती मोजावी, हे यंत्र ठरवीत नाही, माणूस ठरवितो. ज्याने ती वाचविली त्याला लाभ तत्काळ दिसतो. तोटा मात्र भलत्याच घरी जातो.

जयपूरचे दरवाजे आता रात्री बंद होत नाहीत. त्यांची गरज सरली. स्मृतीच्या नगराला मात्र अद्याप रात्रंदिवस पहारा हवा. कारण तेथे येणारा पाहुणा परका असतो असे नाही. पुष्कळदा तो आपणच घरात बसविलेला असतो.