वितळणारा बर्फ आणि आपली खाडी

(मंडळाच्या वर्धापनदिनी कात्रप येथे केलेले भाषण)



बोलण्यास आरंभ करण्यापूर्वी मला एक कबुली दिली पाहिजे. गेल्या वर्षी याच समारंभात मी आपणांस सांगितले होते की, उत्तर ध्रुवावर तरंगणारा बर्फ वितळतो आणि म्हणून समुद्राची पातळी वाढते. आपण टाळ्याही वाजविल्या होत्या. परंतु चार दिवसांनी मंडळातील एक सूनबाई माझ्याकडे आली आणि म्हणाली, "काकू, मी घरी पेल्यात बर्फ घालून पाहिला. तो विरघळला, पण पाणी काही वाढले नाही." मी पुन्हा पुस्तके उघडली. तिचे खरे होते, माझे चुकले होते. चूक चारचौघींत केली, ती चारचौघींतच दुरुस्त करावी, म्हणून आज तोच विषय घेतला आहे.

हा प्रयोग आपण घरी करून पाहावा. एका पेल्यात बर्फाचे खडे टाकून तो काठोकाठ पाण्याने भरा. खड्यांची डोकी पाण्यावर दिसतील. ते सगळे वितळले तरी थेंबही सांडणार नाही. कारण तरंगणारा बर्फ आपल्या वजनाइतके पाणी आधीच बाजूला सारून बसलेला असतो. आता दुसरा पेला काठोकाठ भरा, त्यावर चाळणी ठेवा आणि खडे चाळणीत ठेवा. बर्फ वितळू लागला की पेला ओसंडून ताटात पाणी येईल.

उत्तर ध्रुवाभोवतीचा समुद्र हा पहिला पेला. ग्रीनलंड, दक्षिण ध्रुवाचा भूखंड आणि हिमालयासारखे पर्वत ही चाळणी. तेथील बर्फ जमिनीवर साठलेला आहे. ग्रीनलंडचा सगळा बर्फ वितळला, तर जगातील समुद्र सुमारे ७ मीटर चढेल. दक्षिण ध्रुवाचा वितळला तर ५० मीटरांहून अधिक. हे एका पिढीत घडणारे नव्हे, त्याला शतकानुशतके लागतील. पण चाळणीतून ठिबकणे सुरू झाले आहे. तरंगणारा बर्फ गेल्याने नुकसान नाही, असे मात्र समजू नये. पांढरा बर्फ ऊन परतवून लावतो. तो गेला की खालचे काळे पाणी ऊन पिऊन तापते.

आणि तापलेले पाणी फुगते. काठोकाठ भरलेले पातेले मंद आचेवर ठेवले, तर उकळी फुटण्याआधीच पाणी काठावरून ओघळते, हे आपणांस कोणी शिकवावयास नको. दगडी कोळसा आणि खनिज तेल जाळून आपण हवा तापविली आणि त्या उष्णतेचा फार मोठा भाग समुद्राने पोटात घेतला. १९७१ ते २०१८ या काळात समुद्र जेवढा चढला, त्यातील सुमारे निम्मी वाढ या फुगण्याची आहे. अलीकडे मात्र वितळणाऱ्या बर्फाचा वाटा पुढे गेला आहे.

मुंबईत अपोलो बंदरावर १८७८ पासून भरती-ओहोटीची नोंद होत आली आहे. जगभरच्या अशा नोंदी आणि उपग्रहांची मापे जुळवून शास्त्रज्ञांनी २०२१ साली सांगितले की, १९०१ पासून २०१८ पर्यंत समुद्र सरासरी २० सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ एक वीत चढला. शतकाच्या आरंभी तो वर्षाला सव्वा मिलिमीटरच्या आसपास चढे. २००६ ते २०१८ या काळात ३.७ मिलिमीटरांनी चढला.

"एवढी वीतभर वाढ, तिचे काय मोठे?" असे कोणी विचारील. माझे माहेर खारेपाटातले. तेथे खाडीला बांध घालून खाजणात भात पिकवितात. बांधाला उघाडी असते. ओहोटी लागली की ती उघडते आणि शेतातले पावसाचे पाणी खाडीत जाते. भरती आली की मिटते आणि खारे पाणी बाहेर राहते. खाडी वीतभर चढली की उघाडी उशिरा उघडते आणि लवकर मिटते. शेतातल्या पाण्याला बाहेर जाण्यास वेळच उरत नाही. त्यातच उधाण बांधापर्यंत चढले आणि खांड पडली, की भाताचे शेत दोन-तीन वर्षे नासते. माझ्या वडिलांना खांडीच्या काठावर मुकाट्याने उभे राहिलेले मी पाहिले आहे. त्या वेळी पाणी बांधावरून फार उंच आले नव्हते, भगिनींनो. वीतभरच आले होते.

आता आपल्या कात्रपचे. समुद्र आपल्या उंबऱ्याशी येणार नाही. आपण पुरेशा उंचीवर आहोत. परंतु आपली उल्हास नदी कर्जत-नेरळकडून बदलापुरास येते आणि कल्याणच्या पुढे खाडी होऊन वसईजवळ समुद्रास मिळते. खाडी ही आपल्या नदीची उघाडीच आहे. २७ जुलै २०१९ रोजी नदी फुगून बदलापूर-वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांची सुटका करावी लागली. तो पूर पावसाचा होता, समुद्राचा नव्हे, हे स्पष्ट सांगते. नाही तर पुढच्या वर्षी पुन्हा कबुली द्यावी लागेल. पण असा पूर उधाणाच्या वेळी खाडीशी पोहोचला, तर तेथे त्याला वाट मिळत नाही, आणि कल्याण-डोंबिवलीच्या सखल वस्त्यांत पाणी तुंबते. मुंबईच्या गटारांचेही तेच. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्यातच भरती आली, आणि आपल्यापैकी कित्येकींची माणसे त्या रात्री घरी पोहोचली नाहीत.

या शतकाच्या अखेरीस समुद्र आणखी किती चढेल? धूर झपाट्याने आवरला तर एक-दीड फूट, न आवरला तर मीटरभर, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. ग्रीनलंडचा बर्फ आपण कात्रपमधून थोपवू शकत नाही. पण नदीची वाट आपल्या दाराशी आहे. तिच्या पात्रात भराव पडतो तो आपल्या डोळ्यांसमोर. खाडीतली तिवरांची झाडे लाटांचा जोर मोडतात, ती तोडली जातात तीही आपल्यासमोरच. घर घेताना आपण नळ पाहतो, स्वयंपाकघर पाहतो. त्याबरोबर पूररेषेचा नकाशाही मागून पाहावा. पावसाळ्यात भरतीच्या वेळांचा कागद दिनदर्शिकेशेजारी टांगावा.

आणि मी आज सांगितले तेही केवळ माझ्या शब्दावर मानू नये. घरी दोन पेले आणि एक चाळणी घ्यावी, मुलांना जवळ बसवावे आणि स्वतः पाहावे. त्या सूनबाईने तेच केले, म्हणून आज आपणां सर्वांना खरे काय ते कळले.