हृदयास रोजचा व्यायाम
(वार्षिक संमेलनातील भाषण)



दरवर्षी संमेलनाच्या आरंभी आपण उभे राहून दुखवट्याचा ठराव संमत करतो. त्यात हृदयविकाराने गेलेल्या, पन्नाशीही न गाठलेल्या बांधवांची नावे ऐकली की आमचे मन विषण्ण होते.

१९५३ साली डॉ. जेरी मॉरिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील नोकरांची पाहणी प्रसिद्ध केली. गाडी एकच, परंतु चालक दिवसभर बसलेला, तर वाहक सतत जिना चढत-उतरत असलेला. वाहकांत हृदयविकार चालकांपेक्षा कमी आढळला. पुढे डॉ. राल्फ पॅफेनबार्गर यांनी हार्वर्डच्या माजी विद्यार्थ्यांची पाहणी केली. कॉलेजात खेळाडू असलेला मनुष्य पुढे बैठा झाला, तर पूर्वीचे खेळ त्याच्या हृदयाचे रक्षण करीत नाहीत, असे त्यांस दिसून आले.

हे आम्हांसही लागू पडले. तरुणपणीच्या जोर-बैठकांचा अभिमान आम्ही पुष्कळ मिरविला. पण निवृत्तीनंतर आरामखुर्ची धरली आणि दोन जिने चढताना धाप लागू लागली, तेव्हा डोळे उघडले. व्यायाम ही पेढीवरची ठेव नव्हे. ते रोजचे अन्न आहे.

आठवड्यास निदान १५० मिनिटे भरभर चालावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. घरातील स्त्रियांनाही ही सवड मिळालीच पाहिजे. छातीत दुखत असेल त्यांनी मात्र आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

आज येथे दिसणारे सर्व चेहरे पुढील संमेलनासही दिसोत, हीच प्रार्थना.