बाजारात मिळणारी आणि न मिळणारी जीवनसत्त्वे



जीवनसत्त्वांचे नाव निघाले की औषधाच्या दुकानातील रंगीत गोळ्या डोळ्यांपुढे येतात. आम्ही मात्र आपणांस झाशीच्या बडा बाजाराकडे व त्याच्या भोवतालच्या गल्ल्यांकडे नेणार आहोत. नोकरीनिमित्त नव्याने येथे आलेल्या कुटुंबांस हिवाळ्यातला ‘बथुआ’ परका वाटतो. तो आपला चाकवतच होय. त्याच्या हिरव्या पानांतील द्रव्यापासून शरीर ‘अ’ जीवनसत्त्व तयार करते, आणि ते द्रव्य अंगी लागण्यास स्निग्धांश लागतो. म्हणजे आजीची फोडणी केवळ चवीपुरती नव्हती! आवळ्यात ‘क’ जीवनसत्त्व संत्र्याच्या कित्येक पट असते. भाजी-वरणातील लोह शोषून घेण्यास ते साहाय्य करते. परंतु उष्णतेने ते पुष्कळसे नष्ट होते. म्हणून मोरावळ्यापेक्षा कच्च्या आवळ्याचा कीस आम्ही श्रेष्ठ मानतो. मोरावळ्याच्या चाहत्यांनी रागावू नये.

तांदळाची गोष्ट याहून गंभीर आहे. जावा बेटात आइकमान या डच वैद्यास १८९० नंतरच्या दशकात असे आढळले की, सडलेल्या पांढऱ्या भातावर पोसलेल्या कोंबड्या बेरीबेरीसारख्या विकाराने लुळ्या पडतात आणि कोंड्यासह तांदूळ मिळताच सावरतात. त्यांना व केंब्रिजच्या हॉपकिन्स यांना १९२९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच हॉपकिन्स यांच्या प्रयोगशाळेत पुढे एका मराठी कन्येने काम केले. त्या कमला सोहोनी, माहेरच्या भागवत; जन्म १९११ सालचा, आपल्यासारखाच महाराष्ट्राबाहेरचा, इंदूरचा. १९३९ साली केंब्रिजची डॉक्टरेट मिळवून त्या परतल्या, कुन्नूरच्या पोषण प्रयोगशाळेत त्यांनी जीवनसत्त्वांचा अभ्यास केला आणि नंतर मुंबईस नीरेसारख्या गरिबांच्या पेयातील पोषणमूल्य तपासले. स्वस्त अन्नाकडे अशा आदराने पाहणारे विद्वान थोडेच.

मात्र एक जीवनसत्त्व भाजीबाजारात शोधून सापडणार नाही. ते ‘ब-१२’. वनस्पतिजन्य अन्नात ते जवळजवळ नसतेच. शाकाहाऱ्यास दूध-दह्यातून मिळेल तेवढेच. आपल्या मंडळींत शाकाहारी घरे पुष्कळ. त्यात उतारवयात भूक मंदावते, दूध सुटते, अन्नातून ते शोषून घेण्याची शक्तीही घटते. मधुमेहावर दीर्घकाळ मेटफॉर्मिन घेणाऱ्यांतही त्याची उणीव आढळते. मग पायांस मुंग्या येतात, तोल जातो, विस्मरण होते, आणि घरातली माणसे म्हणतात, “वय झाले आता.” हे वाक्य आम्हांस फार घातक वाटते. रक्ततपासणीने ही उणीव कळू शकते व इंजेक्शनांनी किंवा गोळ्यांनी ती भरून निघते; पण फार उशीर झाला, तर मज्जातंतूंची हानी कायमची राहू शकते. आपल्याच मनाने नुसत्या फॉलिक आम्लाच्या गोळ्या घेणे तर अधिकच वाईट. त्यांनी रक्तक्षय सुधारलेला दिसतो आणि पायांच्या मुंग्या आतल्या आत वाढतच जातात.