पायवाट करारात हवी



कऱ्हेकाठी, मोरोपंतांच्या बारामतीत आपलं मनापासून स्वागत. सोलापूरकडून आलेले पाहुणे सरडेवाडीचा टोल भरून आले असतील. पुणे-सोलापूर रस्ता ‘बांधा, वापरा, हस्तांतरित करा’ या खासगी भागीदारीच्या पद्धतीनं चौपदरी झाला आणि गाड्यांना वेग आला, हे मी आनंदानं सांगतो. पण आमच्या एका नातलगाचं घर अशाच एका मोठ्या रस्त्याच्या अलीकडे आणि ऊस पलीकडे. बैलगाडी वळवायला त्यांना कोसभर जावं लागतं. वाहनं मोजणाऱ्या हिशेबात हा कोस कुठेच धरलेला नाही. ट्रॅक्टरला मात्र टोल माफ आहे, नाक्यापासून 20 किलोमीटरच्या आतल्या खासगी गाडीला मासिक पास मिळतो. का? तर तसं नियमात लिहिलेलं आहे म्हणून.

जे लिहिलं तेवढंच पदरात पडतं. याचा मोठा दाखला आपल्या दारातच आहे. तुकोबांची पालखी इथूनच जाते; काटेवाडीला धोतरांच्या पायघड्या आणि मेंढ्यांचं रिंगण, पुढे बेलवाडीला गोल रिंगण. पाटस-बारामती-इंदापूर-तोंडले पालखी महामार्गाचं भूमिपूजन 8 नोव्हेंबर 2021 रोजी झालं, तेव्हा रस्त्याच्या दोन्ही अंगांना वारकऱ्यांची स्वतंत्र पायवाट आराखड्यातच होती. कुणा कंपनीनं सामाजिक निधीतून मागाहून दिलेली ती देणगी नव्हे. चालणाऱ्याचा हक्क रस्त्याच्या रुंदीतच धरला गेला.

हीच रीत खासगी भागीदारीच्या प्रत्येक करारात यावी, एवढ्यासाठी ही परिषद भरवली आहे. ब्रिटननं 2012 मध्ये कायदाच केला: सरकारी सेवेचं कंत्राट देण्याआधी त्यातून समाजाचं काय भलं होईल, याचा विचार करायचा. आपल्याकडे निविदा निघण्यापूर्वी ग्रामसभेला विचारावं, भुयारी मार्ग कुठे हवा, बसथांबा कुठे, बायकांसाठी स्वच्छतागृह कुठे. उत्तरं करारात उतरावीत आणि ती कामं पुरी होईपर्यंत टोल सुरू होऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

मोठ्या प्रकल्पाची किंमत गावाला काय पडते हे ज्यांनी सोसलं, उजनी धरणाच्या पाण्याखाली ज्यांची गावं गेली, ती इंदापूरची माणसंही आज इथे आली आहेत. पाणी ओसरलं की पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडतं, तेव्हा ती तिथं जाऊन हात जोडतात. त्यांना आम्ही पहिल्या रांगेत बसवलं आहे. उद्घाटनानंतर पहिलं बोलणं त्यांचंच आहे.